मागच्या खोलीतलं रडणं

आवाजबाईंची दुपारची झोप खालच्या मजल्यावरून वर यायची. त्यांच्या बिछान्याच्या बरोबर खाली झोपताईंचं पाळणाघर होतं, आणि तिथे जेवणं उरकली की एक गुणगुण सुरू व्हायची. शब्द नाहीत, चाल म्हणावी तर तीही धड नाही, नाकातल्या नाकात नुसतं काहीतरी. मग आधी खेळण्यांचा खडखडाट थांबे, मग पायांची चुळबुळ, मग कुणाचं तरी शेवटचं "पाणी", आणि सरतेशेवटी नुसते श्वास. आता श्वास काही मजला ओलांडून वर ऐकू येत नाहीत, हे कुणीही सांगेल. आवाजबाईंना यायचे. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं, आणि आवाजाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची इमारतीत कुणाची प्राज्ञा नव्हती.

कारण त्या आयुष्यभर आवाजच करत आल्या होत्या. सिनेमातली नायिका बर्फातून चालत जाते ना, ती चालत नसतेच. आवाजबाई स्टुडिओतल्या काळोख्या खोलीत बसून कॉर्नफ्लॉवरची पिशवी मुठीत दाबत असतात. पाखरं उडतात ती त्यांच्या हातातल्या चामडी मोज्यांची फडफड. घोडा म्हणजे दोन करवंट्या. खलनायकाचं मनगट मोडतं ते कोबीच्या दांड्याच्या रूपात. लोक थिएटरात दचकायचे, शेजाऱ्याचा हात घट्ट धरायचे, आणि या बाई घरी येऊन उरलेल्या कोबीची भाजी करायच्या. "आमचा धंदाच लबाडीचा," असं त्या वर मिटक्या मारत सांगायच्या.

झोपताई हे नाव मुलांनी ठेवलेलं. या बाईंचा हात पाठीवर पडला की कसलंही हट्टी मूल दोन जांभयांत गार. नदीपलीकडून त्या इकडे राहायला आल्या त्याला बराच काळ लोटला होता. बोलताना 'र' जरा घोळवत, एवढीच काय ती पलीकडची खूण उरली होती. इमारतीतली निम्मी पोरं त्यांच्या हाताखाली चालायला शिकली. आवाजबाईंची नात भिंगरी, जिला एका जागी बसणं म्हणजे शिक्षा, तीसुद्धा सकाळी आईचं बोट सोडून त्यांच्याकडे पळत सुटायची आणि मागे वळून बघायचीही नाही. आवाजबाईंच्या लेकीला याचं थोडं वाईट वाटे आणि बरंच बरं वाटे. तिला कामावर जायचं असायचं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायची.

मग निवडणूक तोंडावर आली आणि इमारतीच्या ग्रुपला भरती आली.

एरवी हा ग्रुप म्हणजे निरुपद्रवी प्रकरण. सकाळी फुलं, दुपारी कुणाची तरी हरवलेली किल्ली, संध्याकाळी पाणी कधी येणार. आता फुलांच्या जागी इशारे येऊ लागले. एका उमेदवाराचं तर एकच पालुपद होतं, पलीकडचे. नोकऱ्या कुणी घेतल्या, पलीकडच्यांनी. रस्ते कुणी अडवले, पलीकडच्यांनी. नळाला गढूळ पाणी आलं तरी त्याचं मूळ पलीकडेच सापडे. लोक वाचायचे, हसायचे आणि सोडून द्यायचे. पण रोज एकच गोष्ट कानावर पडत राहिली की ती नवी वाटायची थांबते, आणि नवी वाटायची थांबलेली गोष्ट पुष्कळदा खरी वाटू लागते. त्यात माणसाचा फार दोष नाही. आपलं घरसुद्धा असंच ओळखीचं होतं, सवयीनं.

व्हिडिओ आला तेव्हा आवाजबाई अर्धवट झोपेत होत्या. खालची गुणगुण नुकती विरली होती. फोन उशीशेजारी घरघरला, त्यांनी डोळे किलकिले करून बोट टेकवलं आणि एक काळोखा बोळ उघडला. बोळाच्या टोकाला बंद दार. दारामागे एक लहान मूल रडत होतं आणि चिमुकले तळवे दारावर आपटत होतं. थपथप, थपथप. मधेच श्वास अडकायचा, एक बारीक शीळ वाजायची, आणि रडणं पुन्हा वर चढायचं.

खाली मजकूर होता. "आपल्याच भागातलं पाळणाघर. चालवणारी बाई कोण, कुठून आली, हे विचारायची कुणाची हिंमत आहे? हा व्हिडिओ काढून टाकतील, त्याआधी बघा. आज हे मूल दुसऱ्याचं आहे, उद्या तुमचं असेल. आईचं काळीज असेल तर पुढे पाठवल्याशिवाय राहवणार नाही." आणि कोपऱ्यात तोच उमेदवार, गालाला खळी पाडून हसणारा.

आवाजबाईंची झोप खाडकन उडाली. त्यांच्या पोटात गोळा आला, आणि छातीत असं काही पिळवटलं की त्या उठून उभ्याच राहिल्या. आजवर किती रडणी त्यांनी ऐकली, किती जुळवली, कितीतरी कापून फेकून दिली. असं कधी झालं नव्हतं. त्या तशाच अनवाणी जिना उतरून खाली गेल्या. पाळणाघराचं दार लोटलेलं होतं. भिंगरी एका कुशीवर, तोंड उघडं टाकून झोपली होती. झोपताईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी विचारलं, काय झालं? आवाजबाईंची नजर त्यांच्या खांद्यावरून मागच्या खोलीच्या दाराकडे गेली. दार बंद होतं. कित्येक वर्षं ते दुपारी बंदच असायचं, पण आज त्यांना ते पहिल्यांदा दिसलं.

संध्याकाळी लेक घरी आली तोवर ग्रुप नुसता पेटला होता. एकजण म्हणे हे आपल्या खालचंच, दुसरा म्हणे नाव घेतलेलं नाही, तिसरा म्हणे नाव घ्यायला पाहिजे का. मग कुणीतरी लिहिलं, आपल्याकडे आवाजबाई आहेत की, त्यांनाच विचारा.

"तू काही लिहू नकोस," लेक चप्पल काढता काढता म्हणाली.

"तू ऐकलंस का पण?"

"ऐकलं. आई, त्यात जागा नाही, दिवस नाही, एक चेहरा दिसत नाही. बोळ आपल्या इमारतीतला नाही, हे तर आंधळाही सांगेल."

"आवाज आहे ना. आवाज खोटा नाही."

"तू चित्र न बघता ऐकलंस?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे माणूस आला की आम्ही आधी एक डोळा झाकतो. दोन्ही उघडे असले ना, की चांगला डोळा वाईटाला सांभाळून घेतो, आणि कुठे बिघडलंय ते कळतच नाही. तसं एकदा फोन पालथा ठेव आणि ऐक."

"मला ऐकायला शिकवतेस तू?" आवाजबाई म्हणाल्या. हे त्या जरा जास्तच जोरात म्हणाल्या, आणि भिंगरी खेळता खेळता थांबून दोघींकडे बघायला लागली.

आवाजबाईंनी चष्मा लावला आणि ग्रुपवर सावकाश, एकेक अक्षर शोधत लिहिलं. "हे रडणं खरं आहे. असं रडणं बनवता येत नाही, मी जन्मभर हेच काम केलं आहे. ऐकताना मला वाटलं, माझंच मूल रडतं आहे."

यातला शब्द न् शब्द खरा होता. गंमत तीच आहे, पण ती कळायला अजून वेळ होता.

दुसऱ्या दिवशी त्यांचं वाक्य त्या उमेदवाराच्या पानावर झळकलं. "आवाजाच्या क्षेत्रातल्या ज्येष्ठ जाणकारही म्हणतात, हे रडणं खरं आहे!!!" पुढे तीन उद्गारचिन्हं, वाक्य खरं असल्याची हमी म्हणून. खोटं कशाला बोला, आवाजबाईंना ते वाचून थोडं बरं वाटलं. आयुष्यभर त्यांचं नाव सिनेमा संपल्यावर, लोक खुर्च्यांखाली चपला शोधत असताना येत आलं होतं. आज कुणीतरी त्यांना आधी विचारलं होतं.

पाळणाघरातली मुलं गळायला लागली. कुणाला सर्दी झाली, कुणाची आजी आली, कुणी काही कारणच दिलं नाही. सेक्रेटरींनी रविवारी दुपारी सभा ठेवली, विषय एकच, खालच्या खोल्या रिकाम्या करून घ्यायच्या की नाही. भिंगरीची आई मात्र हट्टानं तिला रोज खाली सोडत राहिली. मायलेकींमध्ये बोलणं उरलं ते मिठापुरतं.

तो आठवडा आवाजबाईंनी जमिनीला कान लावून काढला. अगदी खरोखर, सतरंजीवर आडव्या होऊन, गाल फरशीला टेकवून. आणि इथे मोठी विचित्र गोष्ट घडत होती. खालून मूल रडल्याचा आवाज आला की त्यांना वाटे, बघा, मी म्हटलं नव्हतं? आणि खाली सगळं शांत असलं की वाटे, बघा, कसं दडपून ठेवलंय. गुणगुण सुरू झाली की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. जी गुणगुण ऐकत त्या वर्षानुवर्षं झोपल्या, तिच्यात आता त्यांना काहीतरी लपवलेलं ऐकू येत होतं. दुपारची झोप गेली ती गेलीच. त्या जाग्या होत्या असं म्हणायचं, पण सगळा आठवडा कसा पाण्याखालून बघितल्यासारखा सरकत होता. जिन्यात झोपताई भेटल्या तर आवाजबाई किल्ल्या शोधायला लागायच्या.

"बरं नाही का वाटत?" झोपताईंनी एकदा विचारलं. "चेहरा उतरलाय तुमचा."

"झोप होत नाही," आवाजबाई म्हणाल्या.

"खाली या दुपारी. गादी घालते." त्या हसल्या. "मुलं कमीच आहेत सध्या, जागा भरपूर."

आवाजबाई नुसतं "बघू" म्हणून वर आल्या आणि दार लावून घेतलं.

सभेच्या आदल्या दिवशी सेक्रेटरींचा फोन आला. व्हिडिओ सगळ्यांना नीट ऐकू यायला हवा, तुमच्या स्टुडिओतून जरा स्वच्छ करून आणता का? हे काम त्यांच्या हातचंच होतं. त्या पिशवी घेऊन निघाल्या.

स्टुडिओत त्यांचा जुना सहकारी होता, ज्याला सगळे बटणमामा म्हणत. आवाज करायच्या आवाजबाई, आणि बटणं फिरवून ते चढवायचे-उतरवायचे यानं. त्यानं व्हिडिओ यंत्रात घातला, दोन मिनिटं ऐकला आणि भुवई वर केली.

"खाली घोंघाट घातलाय की."

"कसला?"

"आपलाच. भुतांच्या सिनेमात घालतो तो. अगदी खालच्या पट्टीत, कानाला कळत नाही, पण पोटाला कळतो. तुम्हीच तर शिकवलंत, दार उघडायच्या आधी हा सोडायचा, म्हणजे प्रेक्षक आपोआप खुर्ची धरतो."

आवाजबाईंनी हेडफोन कानाला लावला. घोंघाट होता. स्पष्ट होता. इतके दिवस पोटात जो गोळा होता, तो यातला किती आणि आपला किती, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

"काढ तो," त्या म्हणाल्या. आणि मग, का कोण जाणे, लेकीचं बोलणं आठवून, "आणि पडदा बंद कर. चित्र नको."

आवाजबाईंची ऐकायची एक रीत होती. त्या आवाज ऐकत नसत, त्या आवाजात शिरत. आधी पायाखालची जमीन चाचपायच्या, लाकडाची की दगडाची. मग भिंत किती लांब, खिडकी कुठे, वर छप्पर केवढं. डोळे मिटून त्या अशा कितीतरी घरांतून हिंडून आल्या होत्या. आताही त्यांनी डोळे मिटले. बटणमामानं घोंघाट उतरवला, आणि उजाडलं. अगदी तसंच झालं; काळोख त्या घोंघाटातच होता, तो निघाल्याबरोबर रडण्यावर दुपारचं ऊन पडलं. मग त्यानं व्हिडिओवाल्यांनी वरून चढवलेला घुमारा काढला, आणि बोळाच्या भिंती विरघळून बाजूला झाल्या. आवाजबाई एका छोट्या, नीटनेटक्या खोलीत उभ्या होत्या.

थपथप, थपथप.

हे दार नव्हे. त्यांच्या कपाळावर आठी उमटली. दारावर तळवा पडला की मागची पोकळी बोलते, आवाज आत जाऊन परत येतो. हा आवाज जिथे पडला तिथेच बसत होता. मूल जमिनीवर हात आपटत होतं. दार आपण ऐकलंच नव्हतं, आपण ते बघितलं होतं. अहो, जन्मभर हीच तर युक्ती केली! टेबल ठोकायचं आणि पडद्यावर दार दाखवायचं. कान बिचारा डोळ्यांचं बोट धरून मुकाट्यानं चालतो. हजारो माणसांना या वाटेनं नेलं होतं त्यांनी, आणि आज त्याच वाटेनं स्वतः चालत गेल्या होत्या.

त्या आणखी आत गेल्या. थपथपीबरोबर कुठेतरी बारीक किणकिण होत होती. फळीवर उभी केलेली झाकणं. कोपऱ्यात कापड वाऱ्यानं फडफडत होतं. ते कापड त्यांना माहीत होतं. एकदा एका जहाजाच्या शिडासाठी त्यांना अशीच फडफड हवी होती, आणि स्टुडिओतलं कुठलंच कापड मनासारखं वाजेना, तेव्हा घरी स्वयंपाकघराचा पडदा मोकळा सोडून त्यांनी टेपरेकॉर्डर लावला होता.

आवाजबाईंना पुढे जायची भीती वाटली. तरी त्या गेल्या. त्या जुन्या स्वयंपाकघरात एक तरुण बाई पाठमोरी, माइक धरून उभी होती, आणि जमिनीवर त्यांची लेक बसली होती, आत्ताच्या भिंगरीएवढी. बराच वेळ ती आपल्या सावलीशी खेळत होती. सावलीला टाळ्या द्यायची, सावली तिला द्यायची. आणि मग एक ढग आला. सावली गेली. पोरीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, फ्रॉक उचलून खाली बघितलं, आणि जगबुडी आल्यासारखं तोंड पसरलं. जिथे सावली होती तिथे ती तळवे आपटत होती. थपथप, थपथप. मधेच श्वास अडकायचा आणि एक बारीक शीळ वाजायची. ती शीळ तिला अजून होती. सर्दी झाली की वाजायची.

"काय हो?" बटणमामानं विचारलं. "रडताय तुम्ही."

"हे आपल्याकडचं आहे," आवाजबाई म्हणाल्या. "माझ्या जुन्या टेपांमधलं. शोध."

त्या टेपा मध्यंतरी स्टुडिओच्या मालकानं त्यांना विचारून इंटरनेटवर ठेवल्या होत्या; कुणालाही दार, पाऊल, वारा, काय लागेल ते उचलता यावं म्हणून. बटणमामाला फार शोधावं लागलं नाही. 'लहान मूल, रडणं, घरातलं.' त्यानं तो लावला. तेच रडणं, तोच अडकलेला श्वास. व्हिडिओ जिथे संपत होता तिथे हा संपला नाही. किणकिण थांबली, क्षणभर नुसता पडदा फडफडला, ढग सरकला असावा, आणि मूल खदखदून हसलं. सावली परत आली होती.

त्या हसण्याच्या बरोबर आधी कुणीतरी कात्री चालवली होती. सफाईनं चालवली होती. आवाजबाईंना कामातली सफाई कळत होती.

आपण ओळखलं कसं नाही, हा प्रश्न त्यांनी घरी येईपर्यंत स्वतःला विचारला. आणि खरं उत्तर हे होतं की त्यांनी ओळखलं होतं. कानानं नाही, छातीनं. आपल्या पोटच्या पोरीचं रडणं ऐकून आईचं काळीज पिळवटलं, यात नवल ते काय? पण त्या पिळवटण्याचा अर्थ त्यांना दुसऱ्यानं लिहून दिला, चार ओळींत, खाली खळी पाडून, आणि त्यांनी तो वाचून घेतला. घाई करा म्हटलं, घाई केली. आईचं काळीज असेल तर म्हटलं, ते असल्याचं दाखवायला धावल्या. सिनेमात त्याही हेच करत आल्या होत्या, पण तिथे माणूस फसायला राजीखुशीनं येऊन बसतो आणि दिवे लागले की उठून घरी जातो. इथे दिवे लावायचं कुणाच्या मनातच नव्हतं. आवाजबाईंना लाज वाटली, साधीसुधी, कान गरम करणारी लाज.

सभा नेहमी पाळणाघरातच भरायची. इमारतीत मोठी खोली तेवढीच. त्यामुळे रविवारी मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसली होती, आणि जिला घालवायचं की नाही हे ठरायचं होतं ती बाई सगळ्यांना पाणी देत फिरत होती. मागच्या खोलीचं दार बंद होतं. जो तो त्याच्याकडे चोरून बघत होता. आठवडाभर या दाराची इतकी चर्चा झाली, पण उठून ते उघडावं असं एकालाही वाटलं नव्हतं. आवाजबाईंनाही नव्हतं वाटलं.

"आणलंत ना स्वच्छ करून?" सेक्रेटरींनी विचारलं.

"आणलंय," आवाजबाई म्हणाल्या, आणि त्यांनी छोटा स्पीकर ठोकळ्यांच्या पेटीवर ठेवला. "डोळे मिटा सगळ्यांनी. मिटा म्हणते ना!"

लोकांनी मिटले. रडणं सुरू झालं. एका बाईनं पदराचं टोक तोंडाला लावलं. थपथप झाली, शीळ वाजली, व्हिडिओ जिथे संपायचा ती जागा आली आणि गेली. पडदा फडफडला. आणि मूल हसलं. खोलीत कुणी हललं नाही, फक्त आवाजबाईंच्या लेकीनं डोळे उघडून आईकडे बघितलं. तिला कळलं होतं.

"ही माझी लेक आहे," आवाजबाई म्हणाल्या. "ही बघा, इथे बसली आहे. तेव्हा हिची सावली हरवली होती म्हणून रडत होती. टेप माझी, घर माझं, पडदा माझा. वरचा काळोख त्यांनी घातला. आणि खरं आहे, खरं आहे म्हणून शिक्का मी मारला. चूक माझी आहे. ताई, मला माफ करा."

बराच वेळ खुर्च्या करकरत राहिल्या. मग मागून एक आवाज आला, "हे नसेल खरं, पण असं कुठे होतच नाही, असं थोडंच आहे?" दोघातिघांनी माना डोलावल्या. मान डोलवण्याइतकं सोपं काम दुसरं नाही. पण बहुतेकांना अवघडल्यासारखं झालं होतं, आणि अवघडलेल्या माणसांना लवकर घरी जायचं असतं. पाळणाघर राहील असं ठरलं, सेक्रेटरींनी घसा खाकरून तसं सांगितलं, आणि लोक पाठ चोळत उठले. त्या उमेदवाराच्या पानावरून संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गायब झाला. माफीबिफी काही नाही. त्या जागी गढूळ पाण्याचा फोटो आला.

सगळे गेल्यावर आवाजबाई खुर्च्या एकात एक घालायला थांबल्या. झोपताई पेले विसळत होत्या.

"रागवा तरी," आवाजबाई म्हणाल्या. "तोंडावर बोला काहीतरी."

झोपताईंनी पेला पुसून पालथा घातला. "राग पहिल्या दिवशी आला. मग तुम्ही लिहिलंत, रडणं खरं आहे. तुम्ही लिहिलंत म्हणून मी पुन्हा ऐकलं." त्यांनी दुसरा पेला उचलला. "आणि मग मी मागची खोली उघडून बघितली."

"का?"

"एखादं राहिलं तर नसेल ना आत, म्हणून. मुलं घरी गेली होती, सगळी मी हातानं सोपवली होती. तरी बघितलं. तेव्हापासून रोज बघते. आज तुम्ही ते हसणं ऐकवलंत, आता नाही बघणार म्हणते. बघू."

दुसऱ्या दिवशी भिंगरी सगळ्यात आधी खाली पळाली. हळूहळू सर्दी झालेली मुलं बरी झाली, आलेल्या आज्या आपापल्या घरी गेल्या. दुपारची गुणगुण पुन्हा वर यायला लागली, आणि आवाजबाई पडून ती ऐकत राहायच्या. डोळा लागायचाही कधीकधी. पण संध्याकाळ झाली, शेवटचं मूल गेलं, खेळणी पेटीत पडली, की खालून आणखी एक आवाज यायचा, आठवडाभर कान लावूनही त्यांनी न ओळखलेला. पावलं मागच्या खोलीकडे जायची. कडी निघायची. मग काही वेळ काहीच नाही. कुणीतरी उंबऱ्यात उभं राहून ऐकत असल्याची शांतता. मग कडी लागायची आणि पावलं परत यायची. रोज. हा एक आवाज आवाजबाईंनी केला होता आणि तो कुठल्याही बटणानं उतरत नव्हता.

एका संध्याकाळी कडी निघाल्याचं ऐकून त्या जिना उतरल्या. झोपताई उंबऱ्यात होत्या, कान आतल्या अंधाराकडे लावून. आवाजबाई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. आत रचलेल्या गाद्यांचा वास येत होता.

"काही ऐकू येतंय?" झोपताईंनी हळूच विचारलं. "तुमचे कान चांगले आहेत."

"नाही," आवाजबाई म्हणाल्या.

"नक्की?"

आवाजबाईंनी दिवा लावला, आत गेल्या आणि एकेक गादी उचलून बघितली.